झिरो नंबरचा चष्मा

चौगुले भाऊसाहेबांना मी बावीस वर्षं अहो-जाहो केलं. शाळेतल्या हेडक्लार्कला तसं म्हणावंच लागतं, कारण पगारबिल तो करतो आणि रजा तो मांडतो. आता तो निवृत्त झाला आणि माझं सेवापुस्तकही त्याच्या कपाटातून सुखरूप बाहेर आलं. तेव्हा इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. त्याला स्वतःला वाटणार नाही. हा कागद त्याच्यापुढे धरला तरी तो म्हणेल, "काय लिवलंय दिसत न्हाय ओ, मॅडम."

वसंत चौगुले आठवायचा तर आधी डोळे आठवतात. जाड काळ्या फ्रेमच्या आतून दोन डोळे असे मोठे होऊन बाहेर बघायचे की नवखा माणूस ऑफिसच्या दारातच थबकायचा. चष्मा काढला की त्याच जागी दोन बारीक, मिचमिचे, चारचौघांसारखे डोळे निघायचे. नंबर अधिक नऊ. लोक आपली पदवी सांगतात तसा तो नंबर सांगायचा. "प्लस नऊ हाय. पुण्याचा डॉक्टर बी तोंडात बोट घालतोय." पुण्याचा कुठला डॉक्टर आणि त्याने ते बोट कधी घातलं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी विज्ञान शिकवते. दहावीला भिंगांचा धडा आहे. डोळ्याचा गोळा आखूड असला की प्रतिमा पडद्याच्या मागे जाते आणि जवळचं दिसत नाही. नंबर फारच असला तर लांबचंही धड दिसत नाही. त्यावर फुगीर, म्हणजे बहिर्वक्र भिंगाचा चष्मा द्यायचा, आणि त्या भिंगामागचे डोळे समोरच्याला मोठे दिसतात. मी फळ्यावर आकृती काढून हे सांगत असायचे आणि वर्ग खिडकीतून ऑफिसकडे बघत खुदखुदत असायचा. एका मुलीने परीक्षेत 'उदाहरण द्या' याच्यापुढे 'आमच्या शाळेचे क्लार्क' असं लिहिलं होतं. मी तिला पूर्ण गुण दिले.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करते, नाहीतर वाचणाऱ्याला त्याची उगीच कीव येईल. चष्मा लावला की त्याला सगळं व्यवस्थित दिसायचं. त्याच्या तालमीच्या कुणा अध्यक्षाच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागला होता. त्यावर गॉगल घातलेले पंधरा-वीस चेहरे आणि तळाला शुभेच्छुकांची मुंग्यांसारखी बारीक नावं होती. त्या गर्दीत 'चौगुले'च्या 'ले'ची मात्रा राहिली आहे, हे याने चालत्या स्कूटरवरून टिपलं आणि फलक उतरवायला लावला. स्नेहसंमेलनानंतर जेवण असलं की पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यात तळाशी बसलेली मटणाची नळी त्याला वरून दिसायची. डोळ्यांचं दुखणं फक्त ऑफिसच्या वेळेत आणि फक्त दुसऱ्याच्या कागदापुरतं होतं.

त्याच्या टेबलावर तीन चष्मे असायचे. एक लांबचा, एक जवळचा आणि एक काडी मोडलेला, दोरा गुंडाळलेला. कुणी दाखल्याचा अर्ज पुढे केला की तो आधी लांबचा चष्मा लावून अर्ज बघायचा. मग तो काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा. मग मोडका लावायचा. जवळचा चष्मा, म्हणजे ज्याने वाचता येतं तो, ड्रॉवरमध्ये असायचा आणि ड्रॉवरची किल्ली "घरात ऱ्हायली" असायची. एवढं झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलायचा.

"नंबर लय हाय ओ माझा, पावणं. उद्या या."

पावणं उद्या यायचे, परवा यायचे. हेडमास्तर दर तीन वर्षांनी बदलायचे आणि हा कायम होता, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे. कुणी जास्तच नेट लावला की तो 'बघितलं, सापडत न्हाय' म्हणायचा. मी एकदा विचारलं, "भाऊसाहेब, खरंच बघितलंत का?" त्यावर तो अगदी निवांतपणे म्हणाला, "बघितल्यासारखंच हाय ते." हे त्याचं आवडतं वाक्य होतं. आयुष्यभर त्याने कामं केल्यासारखीच केली.

गेल्या काही वर्षांत शाळेच्या जुन्या रजिस्टरांना फार महत्त्व आलं. कुणाला आज्याची जन्मतारीख हवी, कुणाला पणज्याची जात हवी. आमची शाळा जुनी, पेठेतली. पूर्वी आसपासच्या तालुक्यांतली पोरं बोर्डिंगात राहून इथे शिकायची. त्यांची नातवंडं आता उतारे मागायला येतात. शाहूवाडीकडचा एक म्हातारा असाच तीनदा येऊन गेला. चौथ्या खेपेला त्याने भाऊसाहेबांसाठी पिशवीभर घरचे तांदूळ आणले. चौगुलेने तिथल्या तिथे टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन मुठी तांदूळ ओतले, बोटाने पसरवले आणि त्यातून एक मोहरीएवढा खडा उचलून म्हाताऱ्याला दाखवला.

"खडं हाईत की ओ यात."

म्हातारा शरमला. मी हजेरीपत्रकावर सही करत उभी होते. ड्रॉवरची किल्ली त्या दिवशी घरात राहिली नव्हती, एवढंच मी बघितलं. बोलले काही नाही.

बोलले का नाही, तेही सांगून टाकते. माझ्या वरिष्ठ वेतनश्रेणीची फाईल त्याच्याकडे होती. तो ती पुढे पाठवेल तेव्हा पाठवेल. शाळेत निम्म्या लोकांचं काही ना काही त्याच्या कपाटात अडकलेलं असायचं आणि त्यामुळे आम्ही सगळेच त्याच्या डोळ्यांची चौकशी करायचो. "कसं हाय आता डोळ्याचं?" असं मीसुद्धा विचारलेलं आहे. आठवलं की आजही तोंड कडू होतं.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, जुलैत, बाळासो कांबळे आणि त्यांची मुलगी सुजाता पहिल्यांदा ऑफिसात आले. हे कबनूरचे. बाळासो लूमवर बारा तासांची पाळी करणारे. कानाला लूमच्या आवाजाची सवय, त्यामुळे बोलणं मोठ्याने. सुजाताला बी. फार्मसीला राखीव जागेतून प्रवेश मिळाला होता, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जागा रद्द होणार होती. बाळासोंच्या स्वतःच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढंच लागलेलं. पडताळणी समितीला धर्मांतराआधीचा, म्हणजे आजोबांचा कागद हवा होता. आजोबा, रामा भिवा कांबळे, आमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. घरात दुसरा कुठलाच कागद नव्हता. पोरीची जागा त्या एका ओळीवर अडली होती आणि ती ओळ चौगुलेच्या पाठीमागच्या कपाटात होती.

"कुठलं साल?" चौगुलेने विचारलं.

"साल न्हाय ओ सांगता येत. आबा गेलं तवा मीच ल्हान हुतो. पर ह्याच शाळंत हुतं. बोर्डिंगात ऱ्हात हुतं."

"साल न्हाय म्हटल्यावर कुठं हुडकायचं? शाई उडाल्याली असतीया. नंबर लय हाय माझा. पुढच्या म्हैन्यात बघू."

"साहेब, मी बघू का? तुमच्यासमोर बसून बघते," सुजाता म्हणाली.

"रजिस्टर भायेरच्या मानसाच्या हातात द्यायचं न्हाय. नेम हाय."

बाप-लेक चार तास ऑफिससमोरच्या बाकावर बसून होते. मुलगी तेवढा वेळ उघड्या दारातून त्याच्याकडे बघत होती. तिला वाटत असावं, आता उठेल, कपाट उघडेल. तो उठला तो डबा खायला.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा आले. या वेळी मुलीने आजोबांच्या बरोबरच्या एका म्हाताऱ्याकडून अंदाजे साल काढून आणलं होतं. चौगुलेने ते चिठ्ठीवर लिहून घेतलं, दोन दिवसांनी या म्हणाला आणि दोन दिवसांनी हातात कागद ठेवला: 'सदर विद्यार्थ्याची नोंद शाळेच्या दप्तरी आढळून येत नाही.' अक्षर सुरेख होतं. ते त्याचं नेहमीच सुरेख असायचं. आमच्या शाळेच्या दाखल्याचं अक्षर बघून लोक शाळेला नावाजायचे. त्या दोन दिवसांत जुन्या रजिस्टरांच्या कपाटाचं कुलूप निघालं नव्हतं. हे मला माहीत आहे, कारण त्याच कपाटात खाली प्रयोगशाळेच्या नव्या काचनळ्या ठेवलेल्या होत्या आणि मी किल्ली मागून मागून थकले होते.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून चौगुलेने तीन आठवड्यांची रजा टाकली. कारण मूळव्याधीचं ऑपरेशन. शाळेत हळहळ झाली. आमच्या शंकर शिपायाने त्याच्या खुर्चीसाठी मधे भोक असलेली गादी करून घेतली, स्वतः शिंप्याकडे बसून. लोक त्याच्यासाठी असलं काय काय करायचे.

त्याच सुमाराला माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा होता. त्यांना घेऊन मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मोठा हॉल, डोक्याला हिरवी टोपी घातलेली माणसं ओळीने बसलेली, नर्स दर दहा मिनिटांनी येऊन एकेकाच्या डोळ्यात थेंब घालून जाते. मी सासूबाईंना बसवते आहे तोवर पार समोरच्या भिंतीजवळून हाक आली.

"मॅडम? तुमी हिकडं?"

चौगुले होता. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली, डावा उघडा. चष्मा नाही. हॉलच्या त्या टोकावरून, बिनचष्म्याच्या एका डोळ्याने त्याने मला ओळखलं होतं.

"सासूबाईंचा मोतीबिंदू," मी जवळ जाऊन म्हटलं. "तुमची तर मूळव्याध ना?"

"हळू बोला की." त्याने आजूबाजूला बघितलं. "भिंग बदलून घेतलं. डाव्याचं गेल्या बुधवारी झालं, उजव्याचं सकाळी. मोतीबिंदू न्हाय बरं. चांगलं भिंग हुतं, त्ये काढून दुसरं बशिवलं. येवढा नंबर लेसरनं जात न्हाय म्हणालं डॉक्टर. आता लांबचं दिसतंय, जवळचं दिसतंय. ती भिंतीवरची पाटी हाय न्हवं? तिची खालची वळ वाचू?"

आणि त्याने वाचली. चप्पल बाहेर काढण्याची सूचना होती, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा त्याने वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी उठलो, मॅडम, आनि उशाखाली चष्मा न चाचपता घड्याळात किती वाजलं त्ये दिसलं. जन्मात पयल्यांदा."

त्या क्षणी मला त्याच्याबद्दल खरंच बरं वाटलं. लहानपणापासून चाचपडत उठणारा माणूस, आता उठल्या उठल्या घड्याळ बघतो. मी म्हटलं, "छान झालं. शाळेत सांगा की, सगळ्यांना आनंद होईल."

"खुळ्या काय ओ तुमी?" त्याच्या उघड्या डोळ्यात खरोखरचं आश्चर्य होतं. "शाळंत कळलं की समदी रजिस्टरं आणून टाकतील माझ्या म्होरं. सात म्हैनं ऱ्हायल्यात माझं. भिंग मी माझ्या पदरचं घालून बशिवलंय. शाळंनं बशिवलंय काय? नजर माझी हाय. रिटायर झाल्यावर वापरायची. तुमी मूळव्याधच म्हणा."

मग जरा थांबून, थेंब घालायला आलेल्या नर्सपुढे मान मागे टाकत तो म्हणाला, "तुमची फाईल म्होरं सारायची हाय, ध्यानात हाय माझ्या."

मी मूळव्याधच म्हणाले. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की "बरं आहे म्हणे आता" असं सांगायचे. चौगुलेचा तिरस्कार करायला मला त्याआधीही पुष्कळ कारणं होती, पण त्या दिवसांत त्या तिरस्कारातला थोडा माझ्या स्वतःच्या वाट्यालाही आला, हे मी नाकारत नाही.

सुट्टी संपली आणि चौगुले हजर झाला. शंकरने केलेल्या गादीवर तो अवघडून बसला, बसताना तोंड वाकडं करायलाही विसरला नाही. टेबलावर तेच तीन चष्मे. तोंडावर तीच जाड काळी फ्रेम. मी सही करायला गेले आणि बघतच राहिले. त्याने जुन्या फ्रेममध्ये साधी काच बसवून घेतली होती, झिरो नंबरची. नवं भिंग डोळ्यात आणि त्याच्यावर हे नाटक. आणि इतक्या वर्षांत आरशात फक्त केस विंचरायला बघितल्यामुळे त्याला एक गोष्ट माहीतच नव्हती. फुगीर काच गेल्यामुळे चष्म्याआडचे ते मोठे डोळे गेले होते. काळ्या फ्रेमच्या मधोमध दोन बारीक डोळे बसले होते. बावीस वर्षं भिंगांचा धडा शिकवणाऱ्या बाईला हे दिसणारच. बाकी कुणाला दिसलं नाही, कारण चौगुलेकडे काम असल्याशिवाय कुणी बघायचंच नाही, आणि काम असलं की मान खाली असायची.

"नंबर वाढलाय म्हणं," शंकर मला काळजीने सांगत होता. "आता धाचा झालाय."

डिसेंबरात कांबळे बाप-लेक पुन्हा आले. कॉलेजने वाढवून दिलेली मुदत महिनाअखेर संपत होती. समितीने 'नोंद आढळून येत नाही' हा कागद बघून बाकीचे पुरावे अपुरे ठरवले होते आणि पुन्हा शोध घ्या म्हणून सांगितलं होतं. बाळासो पाळी बुडवून आले होते. हातात डॉक्टरच्या फाईलसारखी प्लास्टिकची फाईल, तिच्यात सगळे कागद. मी माझ्या फाईलचं विचारायला गेले होते आणि खिडकीशी उभी होते.

"भाऊसाहेब, पाया पडतो," बाळासो म्हणाले. "येकडाव बघा. पोरीची जागा जातीया."

"दिलंय की लिवून. न्हाय म्हंजे न्हाय." चौगुलेने चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत लावला. "ह्यो नंबर वाढलाय वर. जुनी शाई मला दिसत न्हाय. नव्या क्लार्कला येऊ दे जूनमधी, तो बघंल."

"जूनमधी कशाला बघायचं साहेब? जागा ह्या म्हैन्यात जातीया."

"मग मी काय डोळं उसनं आणू?"

फाईलची चेन बाळासोंनी उगीचच लावली आणि उघडली. सुजाता मात्र टेबलाच्या अगदी पुढे आली. तिने हात टेबलावर ठेवले नाहीत, काही नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती, जुलैत बाकावरून बघत होती तशीच.

"साहेब," ती म्हणाली, "मागे आलो तेव्हा तुमचे डोळे चष्म्यातून एवढे मोठे दिसत होते. आज साधे दिसतायत. नंबर वाढला म्हणजे आणखी मोठे दिसायला हवे होते ना?"

"सुजा, गप," बाळासो म्हणाले.

"काच पातळ हाय. नवी," चौगुले म्हणाला. पण तो पहिल्यांदाच चाचरला आणि पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार याची त्याला खात्री होती. माझी फाईल त्याच्या डाव्या हाताशीच होती.

मी त्या फाईलकडे बघितलं. मग पोरीकडे बघितलं. तिचं वय माझ्या वर्गातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलींहून दोनेक वर्षांनीच जास्त. बहिर्वक्र भिंगातून डोळे मोठे दिसतात, हे तिला कुणीतरी शाळेत नीट शिकवलं होतं.

"मूळव्याध बरी झाली ना, भाऊसाहेब?" मी म्हटलं. "त्या दिवशी दवाखान्यात छापखान्याचं नाव वाचून दाखवलंत मला. काढा रजिस्टर आणि वाचा."

दारात शंकर चहाचे कप घेऊन उभा होता. तो चौगुलेच्या डोळ्यांकडे बघायला लागला, मग खाली गादीकडे, मग परत डोळ्यांकडे. त्याला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्याने चहा चौगुलेपुढे न ठेवता बाळासोंच्या हातात दिला.

चौगुले उठला, अवघडायचं विसरून सरळ उठला, आणि कपाट उघडलं. मुलीने सांगितलेल्या सालाचं रजिस्टर कप्प्यात वरून तिसरंच होतं. त्याने ते टेबलावर आपटलं, धूळ उडाली. बोट वरून खाली सरकत गेलं. झिरोचा चष्मा तोंडावर होताच. इतकी उडालेली शाई, आमच्यापैकी कुणाला पान उन्हात धरल्याशिवाय वाचता आली नसती, आणि तो भराभरा वाचत होता. काय वाचत होता, काय वेगाने. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. बोट थांबलं.

"रामा भिवा कांबळे," तो कोरडेपणाने म्हणाला. "रा. कबनूर. इयत्ता पयली." पुढचा जातीचा रकाना त्याने वाचला, तारीख वाचली.

बाळासो कप घेऊन बसले होते, ते उठून उभे राहिले. वडील आत आल्यावर उठतात तसे. कप खाली ठेवून त्यांनी त्या रजिस्टरला हात जोडले. सुजाता टेबलाच्या बाजूने वाकून ती ओळ बघत होती. चौगुलेने नेम सांगितला नाही.

मग त्याने उतारा लिहिला, तोच सुरेख हात, रेघ न मारता सरळ ओळी. लिहिता लिहिता म्हणाला, "हितं खाली कोपऱ्यात हुती. सापडणार कशी." पश्चात्तापाचं एक अक्षर नाही. उतारा देऊन झाल्यावर त्याने माझी फाईल उचलली आणि कपाटात, काचनळ्यांच्या मागे, सारली. ती त्याच्या जागी आलेल्या पोराने जूनमध्ये बाहेर काढली.

उतारा मिळाला, पण वेळ गेली होती. समितीकडून कागद बाहेर पडेपर्यंत महिना संपला आणि कॉलेजने जागा रद्द केली. सुजाताने प्रवेश परीक्षा परत द्यायचं ठरवलं. बाळासोंनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "पोरीचं वरीस गेलं, मॅडम. पर आबाचं नाव गावलं." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. नोव्हेंबरात मी तोंड उघडलं असतं तर ते वर्ष गेलं नसतं. चौगुलेने तर जुलैत नुसतं कपाट उघडलं असतं तरी पुरे होतं.

मेमध्ये चौगुले निवृत्त झाला. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी त्याच्या दृष्टीविषयी भाषण केलं, 'डोळ्यांच्या एवढ्या अडचणीत त्यांनी सेवा केली' म्हणून. तोपर्यंत सगळ्या शाळेला माहीत होतं. लोक तोंडावर रुमाल धरून बसले होते. चौगुले व्यासपीठावर झिरोचा चष्मा लावून बसला होता आणि मान हलवत होता.

पुढच्या वर्षी सुजाताला पुन्हा प्रवेश मिळाला, या वेळी प्रमाणपत्रासकट. ती पेढे घेऊन शाळेत आली. मला पेढा देऊन झाल्यावर म्हणाली, "चौगुलेसाहेबांचं घर कुठं आहे, मॅडम? त्यांनाही द्यायचाय."

"त्याला कशाला?" मी म्हटलं. तिने पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बाबा म्हणाले, उताऱ्यावर अक्षर त्यांचं आहे." आणि मग, "त्यांनी मला एकदा नीट बघावं, म्हणून."

शिवाजी पेठेतल्या एका आखूड बोळात त्याचं घर. आम्ही बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा तो बाहेरच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचत होता. चष्मा नव्हता. पेपर मांडीवर, आणि बोट छोट्या जाहिरातींच्या रकान्यातून खाली चाललेलं. त्याने मान वर केली, आम्हाला बघितलं. तीस-चाळीस पावलांचं अंतर असेल. तो उठून आत गेला आणि बाहेर आला तेव्हा काळी फ्रेम तोंडावर होती.

"कोन?" आम्ही पुढ्यात उभ्या राहिल्यावर त्याने विचारलं.

"मी सुजाता कांबळे. कबनूरची. रामा भिवा कांबळेंची नात. मला ॲडमिशन मिळालं, साहेब."

"असं व्हय." त्याने हात पुढे केला, पण बोटं जरा बाजूला, हवेत धरली. पेढा कुठे आहे ते दिसत नसल्यासारखी. "दिसत न्हाय ओ बाळ. नंबर लय हाय."

मला त्या माणसाच्या हातावर फटका मारावासा वाटला. आता कुठलं रजिस्टर त्याच्यापुढे येणार होतं? कुठलं काम चुकवायचं राहिलं होतं? सुजाताने त्याचा हात धरून सरळ केला, तळव्यावर पेढा ठेवला आणि बोटं मिटवली. "येते," म्हणाली.

आम्ही परत बोळाच्या तोंडाशी आल्यावर ती वळून थांबली, म्हणून मीही थांबले. चौगुलेने चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला होता. पेढा उन्हाकडे धरून तो फिरवून फिरवून बघत होता. मग दुसऱ्या हाताच्या चिमटीने त्याने पेढ्यावरून काहीतरी अलगद उचललं, बाजूला टाकलं आणि पेढा तोंडात घातला.

"मुंगी असंल," सुजाता म्हणाली. "डब्याला सकाळीच लागल्या होत्या. मला नव्हती दिसली."